दीडशे वर्षं उघडं दार

कुलाब्याचा 'लिओपोल्ड' म्हटलं की फॉरेनर्स, बिअर आणि भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा एवढंच आठवतं. पण रोडपालीहून दीड-दोन तासांचा प्रवास करून तिथं एकदा तरी का जावं, याचं उत्तर या तिन्हींपेक्षा वेगळं आहे.

शुक्रवारची दुपार सरली की रोडपालीतल्या बऱ्याच मोबाइल्सवर एकच मेसेज फिरतो, 'आज बसायचं का?' 'बसणं' या साध्या क्रियापदाला मराठीत जो खास अर्थ आलाय, तो सांगायला शब्दकोश लागत नाही. बॉसनं दिवसभर पिळून काढलंय, लोकलनं उरलासुरला जीव घेतलाय, आता मित्रांबरोबर दोन तास 'बसायचं'. प्रश्न फक्त एवढाच की कुठं?

कळंबोली सर्कलच्या आजूबाजूला आणि हायवेच्या कडेला पर्याय भरपूर. 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी ठसठशीत पाटी, दाराला काळी काच, आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं लागतील असा अंधार. फॅमिलीसाठी वरच्या मजल्यावर एसी रूम. खालच्या टेबलावर ओळखीचं कुणी दिसलं, तर आपण त्याला पाहिलं नाही आणि त्यानं आपल्याला पाहिलं नाही, हा न बोलता झालेला करार. चकणा चांगला असतो, कॅप्टन नावानं ओळखतो, सगळं ठीक असतं. फक्त आपण काहीतरी लपवायला आलोय ही भावना काही केल्या जात नाही.

याच्या अगदी उलट दार बघायचं असेल तर हार्बर लाइन पकडायची आणि थेट शेवटचं स्टेशन गाठायचं. तिथून पुढं कुलाबा कॉजवे, म्हणजे शहीद भगतसिंग मार्ग. या रस्त्यावर एक रेस्टॉरंट आणि बार आहे, जो दीडशेहून जास्त वर्षं रस्त्याकडे तोंड करून, दारं सताड उघडी टाकून बसलाय. पाटीवर साल आहे १८७१. नाव, लिओपोल्ड कॅफे.

ट्रामच्याही आधी

१८७१ म्हणजे नेमकं किती जुनं? आपल्या भागात जुन्याची मोजपट्टी जरा वेगळी आहे. रोडपाली गाव जुनं, तळं जुनं. पण सेक्टर, टॉवर, सोसायट्या हे सगळं सिडकोच्या काळातलं. सिडकोचीच स्थापना १७ मार्च १९७० ची. म्हणजे सिडको स्थापन व्हायच्या ९९ वर्षं आधी लिओपोल्डची पाटी लागली होती.

मुंबईच्याही बाबतीत हिशेब करून बघा. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन १९२४ चं. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झालं. आपण ज्या स्टेशनात उतरतो त्या व्हीटीचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं, बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं. एवढंच काय, घोड्यांनी ओढलेली मुंबईची पहिली ट्राम कुलाबा ते पायधुणी धावली ती ९ मे १८७४ ला. लिओपोल्डनं ती ट्राम येताना पाहिली, १९०७ मध्ये ती विजेवर धावताना पाहिली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम जातानाही पाहिली.

जागाही मोक्याची होती. कुलाबा हे एकेकाळी वेगळं बेट. १८३८ मध्ये कॉजवे बांधला गेला आणि ते मुंबईला जोडलं गेलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, युरोपची बोट मुंबईला लवकर पोचायला लागली. १८७५ मध्ये जवळच ससून डॉक सुरू झाला. खलाशी, सोल्जर, व्यापारी, कापसाचे दलाल अशी सगळी वर्दळ याच रस्त्यावर. अशा ठिकाणी दुकान टाकणाऱ्याला धंद्याचं नाक होतं हे नक्की.

तेलाचं दुकान, औषधांचं दुकान, मग कॅफे

हे नाक इराण्यांचं. इराणी म्हणजे इराणमधून आलेले झरतुष्ट्री. धर्म पारशांचाच, पण पारशी काही शतकं आधी आले आणि इराणी बरेच नंतर, एकोणिसाव्या-विसाव्या शतकात, मुख्यतः यझ्द आणि केरमान भागातून. मुंबई-पुण्याला बनमस्का, ब्रून आणि पाणीकम चहाची चटक लावली ती याच लोकांनी.

लिओपोल्डची सुरुवात मात्र चहानं झाली नाही. आधी तिथं खाद्यतेलाचा घाऊक धंदा होता. पुढच्या काळात तिथं स्टोअर झालं, औषधांचं दुकान झालं, रेस्टॉरंट झालं. जुन्या नावात 'कॅफे अँड स्टोअर्स' असायचं ते त्यामुळंच. नाव घेतलं बेल्जियमच्या राजाचं. १८७१ मध्ये तिथं लिओपोल्ड दुसरा गादीवर होता. याच राजानं पुढे काँगोत जे अत्याचार घडवले, त्यामुळं आज त्याच्याच देशात त्याचे पुतळे हलवले जातायत. कुलाब्यात मात्र ते नाव ऐकून कुणाला राजा आठवत नाही, बिअरचा गार ग्लास आठवतो. नावाचं असंच असतं. माणसं वापरून वापरून त्याचा अर्थ बदलून टाकतात.

परमिट रूमचं कोडं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडचा बार अंधारात का गेला आणि लिओपोल्डसारखी जागा उजेडात कशी राहिली?

याचं एक टोक सापडतं १९४९ मध्ये. त्या वर्षी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. या कायद्याला एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईकरानं कोर्टात आव्हान दिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९५१ मध्ये निकाल लागला, काही कलमं रद्द झाली, पण कायद्याचा गाभा टिकला. पुढची दहा-बारा वर्षं मुंबईत दारू मिळायची ती परमिटवर, नाहीतर चोरून. हातभट्ट्या आणि 'आंटी'चे अड्डे यांचा सुवर्णकाळ तो हाच. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल होत गेली. पण सैल झाली म्हणजे गेली नाही!

तो कायदा आजही आहे. नाव 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा'. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर दारू पिणं हा आपल्या राज्यात हक्क नाही, सरकारनं परमिटपुरती दिलेली सूट आहे. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' हे शब्द असतात ते याच कारणानं. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकीच्या दारूसाठी २५, हा नियमही त्याच चौकटीतला. पंचविशीच्या आतल्या किती जणांना हे ठाऊक असतं, हा प्रश्न इथं न विचारलेलाच बरा.

जी गोष्ट कायद्यानं कायम संशयाच्या खुर्चीत बसवली, तिच्याभोवती काळ्या काचा येणारच. त्यात आपल्या पनवेल पट्ट्याची वेगळी कहाणी. इथले डान्स बार थेट विधानसभेत गाजले आणि २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली. तो वाद पुढं हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट करत २०१९ पर्यंत चालला. मध्येच १ एप्रिल २०१७ पासून हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं मनाई झाली. महापालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना काही महिन्यांनी त्यातून दिलासा मिळाला, पण तोवर हायवेकाठच्या बऱ्याच पाट्यांवरचे दिवे विझले होते. अशा भागात 'बार' या शब्दाला घरात नाक मुरडलं गेलं, तर चूक कुणाची म्हणायची? एखाद्या मुलीनं आईला फोन करून सांगून बघावं, 'मी मैत्रिणींबरोबर बारमध्ये बसलेय.' पुढचं संभाषण कल्पनेनं भरा.

आणि तीच मुलगी लिओपोल्डमध्ये भर दुपारी एकटी बसून बिअर घेते, समोर पुस्तक ठेवते, कुणी ढुंकूनही बघत नाही. कायदा तोच, परमिटही तेच. मग फरक पडतो तो दारानं.

आत शिरल्यावर

लिओपोल्डचं दार कॉजवेच्या फुटपाथला लागून. बाहेर स्टॉल्सची रांग, कानातली, ऑक्सिडाइज्ड बांगड्या, टी-शर्ट, 'अँटिक' म्हणून विकले जाणारे पितळी कंपास. दुकानदार तुम्हाला इंग्रजीत हाक मारतो, तुम्ही मराठीत भाव केलात की दोघंही हसतात. तिथून दोन पावलं टाकली की तुम्ही आत.

आत उंच छत, खांब, गरगरणारे पंखे, एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं. भिंतींवर जुनी पोस्टर्स आणि फ्रेम्स. खाली हा सगळा गलका आणि वर एसी बार, जिथं म्युझिक जोरात आणि दिवे मंद. रस्ता बघायचा असेल तर खालीच बसा. सकाळी चहा-ऑम्लेट घेणारे दिसतील, दुपारी चायनीज आणि बिर्याणीवर तुटून पडलेले ऑफिसवाले, संध्याकाळनंतर टेबलाच्या मधोमध उभा केलेला बिअरचा उंच टॉवर आणि त्याच्याभोवती कॉलेजचं रियुनियन. पलीकडच्या टेबलावर पाठीवरची भलीमोठी सॅक उतरवून नकाशा बघणारं जोडपं. मेन्यू जाडजूड, त्यात सगळ्या जगाचं सगळं काही. पदार्थांसाठी जीव टाकावा अशी ही जागा नाही आणि खिशालाही ती रोजची परवडणारी नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. लोक इथं येतात ते माणसं बघायला.

एक भीती मात्र आपल्यातल्या अनेकांच्या मनात असते. 'ते फॉरेनर लोकांचं आहे रे, आपलं काम नाही तिथं.' इंग्रजीत ऑर्डर द्यावी लागेल, कपडे चालतील का, वेटर वरपासून खालपर्यंत बघेल. यातलं काहीही होत नाही. तिथं मराठी चालते, हिंदी चालते, बोटानं मेन्यू दाखवणंही चालतं.

आणि गंमत म्हणजे, या कॅफेला जगभर नेणाऱ्या कादंबरीच्या नावातच मराठी माणूस आहे! ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स हा ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगातून १९८० मध्ये पळालेला कैदी. तो मुंबईत आला, इथं राहिला आणि त्या अनुभवांवर बेतलेली त्याची 'शांताराम' ही कादंबरी २००३ मध्ये आली. तिचा नायक लिन लिओपोल्डमध्ये पडीक असतो. पण त्याला 'शांताराम' हे नाव कुलाब्यात मिळत नाही. ते मिळतं महाराष्ट्रातल्या एका खेड्यात, त्याच्या मुंबईकर मित्राच्या आईकडून. नायक मराठीही शिकतो. लिओपोल्ड शोधत आलेल्या कितीतरी परदेशी वाचकांच्या तोंडी असलेला हा एक शब्द आपल्या आजोबांच्या पिढीतलं घरगुती नाव आहे. २०२२ मध्ये या कादंबरीवर वेब सिरीजही आली.

२६ नोव्हेंबर २००८

बुधवारची रात्र. कटकला भारत-इंग्लंड वनडे होती, त्यामुळं टीव्ही असलेल्या प्रत्येक हॉटेलात असते तशी गर्दी. साडेनऊच्या सुमारास दोन अतिरेकी लिओपोल्डच्या दाराशी आले. त्यांनी ग्रेनेड फेकलं आणि एके-४७ मधून बेछूट गोळीबार सुरू केला. काही मिनिटांचाच खेळ. किमान दहा माणसं गेली, अनेक जखमी झाली. त्यात पाहुणे होते, तसे कॅफेचे कर्मचारीही होते. मग ते दोघं मागच्या गल्लीतून चालत ताजकडे गेले. पुढचे तीन दिवस देशानं टीव्हीवर पाहिले. एकूण १६६ जणांचे जीव गेले.

लिओपोल्डच का? रस्त्याला लागून उघडं दार, आत खचाखच गर्दी, त्यात परदेशी माणसं. जी गोष्ट या जागेचं वैशिष्ट्य होती, तिचाच त्या रात्री घात झाला. दाराला काळी काच आणि आत अंधार असता तर? असा विचार मनात येतो आणि आपलाच आपल्याला राग येतो.

मालकी असलेल्या जेहानी कुटुंबासमोर यानंतर दोन रस्ते होते. महिनाभर बंद ठेवून, डागडुजी करून, जाड काचा आणि बंद दारं लावून उघडायचं. किंवा लगेच उघडायचं. त्यांनी चार दिवसांत शटर वर केलं. काचा फुटलेल्या, भिंतीत भोकं, काल-परवापर्यंत बरोबर काम करणारे सहकारी गेलेले. तरीही ऑर्डर घेतल्या गेल्या. वेटरची नोकरी ही आपल्या हिशेबात फार धाडसाची नोकरी नाही. पण त्या दिवशी ट्रे घेऊन त्याच फरशीवरून चालणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, हे एकदा मनात आणून बघा.

खुणा की जाहिरात?

लिओपोल्डनं गोळ्यांच्या काही खुणा बुजवल्या नाहीत. भिंतीतली भोकं तशीच आहेत. आज येणारा जवळजवळ प्रत्येक नवा पाहुणा आधी तीच शोधतो आणि मोबाइल काढतो. काउंटरवर १८७१ सालाची आठवण देणारे मग आणि टी-शर्टही मिळतात.

इथं प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा. ही आठवण आहे की जाहिरात? ज्या जागी माणसं मेली, त्या जागी बोट ठेवून सेल्फी काढणं कितपत बरं? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. खुणा बुजवल्या असत्या तर 'पैशासाठी विसरले' असं आपणच म्हटलं असतं. ठेवल्या तर 'पैशासाठी दाखवतात' असं म्हणतो. माझ्या मते फरक बघणाऱ्यानं करायचाय. भोकाचा फोटो काढून निघून जाणारा पर्यटक असतो. त्या भोकाखालच्या टेबलावर बसून, गप्पा मारत, वेळेवर बिल देऊन, टिप ठेवून उठणारा माणूस त्या कॅफेला पुन्हा साधं हॉटेल व्हायला मदत करत असतो. मारेकऱ्यांना मोडायचं होतं ते हेच साधेपण.

जे टिकले नाहीत

लिओपोल्ड टिकला म्हणून कौतुक, कारण दक्षिण मुंबईतल्या अशा बसायच्या जागा एकेक करून मिटत चालल्यात. रीगलवरून पुढं काळा घोड्याकडे चालत गेलात तर 'वेसाइड इन'ची जागा लागते. कवी अरुण कोलटकर तिथं वर्षानुवर्षं बसायचे. ते जे. जे. चे विद्यार्थी आणि जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर, म्हणजे आपल्यासारखेच डेडलाइनच्या जगातले. तिथल्या टेबलावरून दिसणारा चौक त्यांनी इतका निरखला की त्यातून 'काला घोडा पोएम्स' हे अख्खं पुस्तक झालं. ते २००४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. वेसाइड इन त्याआधीच मिटलं होतं.

तिथूनच जवळ, जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार'. १९६४ मध्ये सुरू झालेलं. चित्रकार, पत्रकार, प्रेमात पडलेले आणि प्रेमात पडू इच्छिणारे, सगळ्यांना त्या चिंचोळ्या व्हरांड्यानं आसरा दिला. ३१ मार्च २०१५ ला तेही बंद झालं. समोरचं 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये गेलं. फोर्टातलं 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ मध्ये. प्रत्येक वेळी पेपरात मोठे लेख आले, प्रत्येकानं हळहळ व्यक्त केली. त्यातल्या किती जणांनी आदल्या वर्षी तिथं एकदा तरी बिल दिलं होतं?

रोडपालीचा संबंध आहे तो इथं. आपल्या भागात आज वारसा म्हणावं असं हॉटेल नसेल, पण १८७१ मध्ये लिओपोल्डही वारसा नव्हता, तेलाचं दुकान होतं. कुठलीही जागा जुनी होते ती रोज सकाळी कुणीतरी शटर उघडतं आणि रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन बसतं म्हणून. सेक्टरातल्या एखाद्या हॉटेलवाल्यानं काळी काच काढून साधी लावली, आत उजेड केला, बाई एकटी आली तरी तिला कोपऱ्यातलं टेबल न देता खिडकीतलं दिलं, तर सुरुवात झालीच. आणि तो तसं करत असेल, तर पुढच्या शुक्रवारी 'आज बसायचं का?' या मेसेजला उत्तर देताना त्याचं नाव सुचवायला विसरू नका.

जायचं तर असं

* रोडपालीहून रिक्षा किंवा बसनं मानसरोवर, खांदेश्वर किंवा पनवेल स्टेशन गाठा. तिथून हार्बरची सीएसएमटी लोकल.
* सीएसएमटीहून टॅक्सी किंवा बस रीगल सिनेमापर्यंत. चालायची हौस असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ नं हुतात्मा चौकात उतरता येतं. तिथून काळा घोडा, रीगल बघत पंधरा-वीस मिनिटांत कॉजवे.
* जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून गाडीनं वेळ वाचतो. पण 'बसायचं' असेल तर गाडी घरीच ठेवा.
* गर्दी नको असेल तर वीकेंडची दुपार सोडून आठवड्यातली दुपार निवडा. माणसं बघायची असतील तर रात्री आठनंतर.
* वयाचा पुरावा खिशात असू द्या. आणि पनवेलच्या शेवटच्या लोकलची वेळ पहिला ग्लास येण्याआधी बघून ठेवा, नंतर घड्याळाकडे कुणाचं लक्ष नसतं!